तो गेला, ती कशी राहिली?

मागे आपण एचआयव्हीवर बोललो, तेव्हापासून एक प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतोय. फोनवर येतो, आठवडी बाजारात येतो, बचत गटाची बैठक उठता उठता हळूच कानात येतो. दोघांना एकच आजार, दोघं एका घरात राहणारी. नवरा चार वर्षांत गेला आणि बायको अजून निंदणीला जाते, ऊस तोडायला जाते, पोरं सांभाळते. हे कसं काय?

काही जणी नुसत्या नवलानं विचारतात. पण बऱ्याचदा या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. तिला काही झालं नाही म्हणजे आजार तिनंच घरात आणला असणार, असं म्हणणारे असतात. त्याच्याही पुढे जाऊन 'तिनं त्याला खाल्लं' म्हणणारे असतात. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण हा शब्द किती सहज फेकला जातो आणि फेकल्यावर त्या बाईचं काय होतं, हे आम्ही तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून आज या एका प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायचं ठरवलंय. चुलीवर काही असेल तर आच कमी करा, कारण मध्येच उठलात तर धागा तुटेल.

आधी साधी कारणं बघू. बहुतेक घरांत उत्तर तिथंच मिळतं. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर, औषध घेतलं नाही तर, एड्सपर्यंत पोचायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात. नवऱ्याला लागण लग्नाआधीच झालेली असेल आणि बायकोला त्याच्याकडून चार-पाच वर्षांनी झाली असेल, तर तो आधी आजारी पडणार हा सरळ हिशोब आहे. शिवाय बाई गरोदर राहिली की दवाखान्यात तिची तपासणी होते, आजार लवकर कळतो, गोळ्या लवकर सुरू होतात. पुरुष खोकला जाईना म्हणून येतो तो क्षयानं पोखरल्यावर. त्यात दारू असली तर विचारूच नका.

आणि 'तिनंच आणला' याबद्दल. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा एक अभ्यास झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ साली जगापुढे मांडला. त्यात ३९१ बायका अशा होत्या की ज्या देहविक्री करत नव्हत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आलेला नव्हता. तरी त्यांच्यात शंभरातल्या १३.६ जणींना एचआयव्ही होता. तोपर्यंत सरकारी पत्रकांत या बायका जवळजवळ नव्हत्याच. आजार देहविक्री करणाऱ्यांचा आणि ट्रकवाल्यांचा, असं सगळे धरून चालले होते. घरात बसलेल्या बाईला तो घरातूनच मिळत होता.

ही साधी कारणं बाजूला काढली तरी काही उदाहरणं उरतात. लागण साधारण एकाच सुमाराची, खाणंपिणं सारखं, दोघांनाही औषध नाही, आणि तरी एक दोन-तीन वर्षांत खंगतो, दुसरा पंधरा-वीस वर्षं टिकतो. जगभरच्या डॉक्टरांना अशी माणसं दिसत होती. का, याचा शोध त्यांनी घेतला आणि तो माणसाच्या रक्तामांसात, आईबापांकडून आलेल्या वारशात जाऊन पोचला.

हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना समजावणं पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे, असं आम्हाला वाटतं. कारण आपल्याकडे सिकलसेल घरोघरी माहीत आहे. शाळेत तपासणी होते, कार्ड मिळतं, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे पाचवीतली पोरगीही सांगते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही सिकलचे आले तर लेकरू आजारी. एकच आला तर वाहक, आणि त्याला सहसा त्रास नाही. पण या वाहकाला एक फायदाही असतो. मेंदूत जाणारा जो घातक मलेरिया असतो त्याच्यापासून तो बराच वाचतो. अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त तपासून हे दाखवून दिलं. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांमध्ये सिकलसेल का टिकून राहिला, त्याचं उत्तर हे. आपले डोंगर, आपली नदीखोरी आणि पावसाळ्यातला थंडीताप आठवा, म्हणजे तो आपल्याकडेच एवढा का, हेही लक्षात येईल.

म्हणजे एकाच मच्छराने दोघांना चावलं तरी दोघांचं सारखं होत नाही, हे तुम्ही मान्य केलंत. आता एचआयव्हीकडे येऊ.

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशी म्हणजे झाकण ठेवलेलं भांडं समजा. आत काय शिजतंय ते बाहेरून दिसत नाही. भात झाला की नाही हे आपण कसं बघतो? पळीनं दोन शितं काढतो. शितावरून भाताची परीक्षा. पेशीही तेच करते. तिच्या आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे होतात, आणि ते तुकडे एका खास पळीवर ठेवून ती बाहेर धरते. रक्तात गस्त घालणाऱ्या मारक पेशी येतात आणि पळीवरचं शीत बघतात. घरचंच असेल तर पुढं जातात. विषाणूचं दिसलं तर त्या पेशीलाच मारून टाकतात, आतल्या विषाणूसकट.

या पळीला शास्त्रज्ञ एचएलए म्हणतात. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यांतल्या सहाव्या जोडीवर या पळ्या घडवण्याची कृती लिहिलेली असते. मुख्य पळ्या तीन प्रकारच्या, ए, बी आणि सी. प्रत्येक प्रकारची एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे प्रत्येकाच्या घरात सहा पळ्या.

गंमत अशी की सगळ्यांच्या पळ्या सारख्या नसतात. तुमच्या स्वयंपाकघरात पळी आहे, डाव आहे, झारा आहे, उलथनं आहे. झाऱ्यानं भजी निघतात, वरण निघत नाही. तसंच एचएलएचं. एका घडणीची पळी विषाणूचा हा तुकडा उचलते, दुसऱ्या घडणीची तो तुकडा उचलूच शकत नाही, ती वेगळा उचलते. जगभर मिळून या पळ्यांचे हजारो प्रकार सापडलेत. सख्ख्या दोन भावंडांच्या सहाही जुळण्याची शक्यता चारात एक असते. नवरा-बायकोचं तर बोलायलाच नको.

शास्त्रज्ञांनी या प्रकारांना नंबर दिलेत, मिरचीच्या वाणांना द्यावेत तसे. त्यांतला बी ५७ हा एचआयव्हीच्या बाबतीत फार गाजला. ज्यांच्याकडे ही पळी आहे त्यांच्यात औषधाशिवायही आजार हळू चालतो, असं पुन्हा पुन्हा दिसलं. बी २७ चंही तसंच. उलट बी ३५ चे काही प्रकार असलेल्या माणसांना आजार लवकर गाठतो. आणि आई आणि वडील दोघांकडून एकच पळी आली असेल तर तोटाच, कारण मग तेवढे कमी तुकडे बाहेर धरता येतात. हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून कळलं.

नंतर २०१० मध्ये बऱ्याच देशांतल्या डॉक्टरांनी मिळून मोठंच काम केलं. औषधाशिवाय विषाणू आटोक्यात ठेवणारी माणसं शंभरात एकापेक्षाही कमी असतात. अशी ९७४ माणसं त्यांनी जमवली. दुसऱ्या बाजूला ज्यांचा आजार नेहमीसारखा वाढत गेला अशी २,६४८ माणसं घेतली. माणसाच्या सगळ्या वारशात कुठं फरक आहे ते शोधलं. डोक्यापासून पायापर्यंत चाळलं म्हणा ना. ठळक फरक निघाले ते फक्त सहाव्या गुणसूत्रावर, या एचएलएच्याच जागी. त्यातही मुख्य फरक कुठं, तर बी पळीच्या खोबणीत, जिथं तुकडा बसतो नेमकं तिथं.

बी पळीवरच का भर? २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये काम झालं, तिथंही ए आणि सीपेक्षा बीचाच जोर जास्त दिसला होता. डर्बनचं नाव आम्ही मुद्दाम घेतोय. अमेरिका-युरोपात एचआयव्हीची जी जात पसरली ती बी जातीची, आणि पहिली बरीच वर्षं सगळा अभ्यास तिच्यावरच झाला. आपल्या देशात मुख्यतः सी जातीचा विषाणू आहे आणि डर्बनमध्येही तोच. म्हणून तिकडचं काम आपल्या जास्त जवळचं.

आता बी ५७ एवढी कामाची का, ते बघू. इथं आम्हाला आपल्या पाड्यावरचं कुडाचं घर आठवतं. कुडातली एखादी कामटी काढून दुसरी बसवली तर घराला काही होत नाही. पण मधली मेढ हलवली तर छप्पर खाली येतं. विषाणूचंही तसंच घर असतं, त्याच्या गाभ्याभोवती प्रथिनांचं कवच असतं. बी ५७ ही पळी त्या कवचातल्या मेढीचा तुकडा उचलून बाहेर दाखवते. मारक पेशी तोच तुकडा ओळखायला शिकतात. विषाणूला लपायचं असेल तर त्याला स्वतःची मेढ तासावी लागते.

आणि तो तासतोच. एचआयव्ही स्वतःच्या नकला काढताना फार चुका करतो, आणि त्या सुधारणारं कोणी त्याच्याकडे नाही. आजारी माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. एवढ्यांत एखादा असा निघतोच की ज्याचा नेमका तो तुकडा बदललाय. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजलीत, तर त्यातला एकच मणी बदललेला असतो. पळी तो तुकडा नीट धरू शकत नाही, मारक पेशीला काही दिसत नाही, आणि तो विषाणू सुटतो. बाकीचे मारले जातात, याची पिलावळ वाढते.

बी ५७ वाल्या माणसात विषाणू असा निसटतो तेव्हा त्याला किंमत पडते. मेढ तासल्यामुळे तो अधू होतो, हळू वाढतो. म्हणून निसटूनही माणसाला तेवढा त्रास होत नाही. हाच अधू विषाणू पुढं बी ५७ नसलेल्या माणसात गेला, की हळूहळू तो मणी पुन्हा मूळ जागेवर येतो. तिथं लपायची गरजच नसते, मग अधू कशाला राहायचं? २००४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढ्याशा विषाणूचं हे गणित बघून थोडा वेळ गप्पच झालो.

बी २७ ची कथा वेगळी आणि जास्त सावध करणारी आहे. या पळीपासून निसटायला विषाणूला एक मणी बदलून भागत नाही. एक बदलला की घर डळमळतं, मग आधाराला आणखी एक बदलावा लागतो. हे सगळं जुळून यायला वर्षं जातात. नऊ, दहा, बारा वर्षं माणूस ठणठणीत असतो आणि मग विषाणू निसटला की आजार एकदम उसळतो. अशा रुग्णांची नोंद १९९७ सालीच झालेली आहे. 'इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, गोळ्या कशाला' असं म्हणणारी एखादी तुमच्या ओळखीत असेल, तर तिला ही बी २७ ची गोष्ट जरूर सांगा.

एका माणसातली ही पळापळ पुऱ्या समाजात कशी पसरते, तेही ऐकण्यासारखं आहे. जपानमध्ये बी ५१ नावाची पळी बऱ्याच लोकांत असते. पूर्वी ती उपयोगी होती, ज्यांना सुरुवातीच्या काळात लागण झाली त्यांना तिनं सांभाळलं. पण इतक्या लोकांत तीच पळी, त्यामुळे विषाणू तिच्यापासून निसटायला शिकला आणि शिकलेलाच विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पाहिलं तेव्हा ज्यांच्याकडे बी ५१ नव्हती, अशा जपानी रुग्णांपैकीही निम्म्याहून जास्त जणांत निसटलेला विषाणूच होता. मग नव्यानं लागण झालेल्यांना बी ५१ चा काही उपयोग उरला नाही. म्हणजे अमुक पळी चांगली हे कायमचं नसतं. कुठल्या मुलखात, कुठल्या काळात, समोर कुठला विषाणू, यावर ते ठरतं.

आता आयांसाठी. हा भाग सांगताना आम्हालाही जड जातं, पण सांगायला हवा. बाळाच्या सहा पळ्यांपैकी तीन आईच्या. आईच्या अंगात विषाणू किती वर्षं राहिलेला असतो, आणि आईच्या पळ्यांपासून लपायला तो आधीच शिकलेला असतो. तोच विषाणू बाळात गेला तर आईकडून आलेल्या पळ्यांचा बाळाला पुरता उपयोग होत नाही. बी २७ असलेल्या आयांच्या बाळांमध्ये हे २००१ मध्ये दिसून आलं. आईनं जे दिलं तेच विषाणूला आधीपासून ठाऊक. त्यात बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची. म्हणून औषध नसेल तर लागण झालेल्या बाळांमध्ये आजार मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगानं चालतो, आणि त्यांतली जवळपास निम्मी दोन वर्षांचीही होत नाहीत.

पण यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आईची तपासणी दिवस गेल्या गेल्या व्हावी, गोळ्या लगेच सुरू व्हाव्यात आणि बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध पाजावं. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी होते, ती चुकवू नका. शेवटची तपासणी १८ महिन्यांनी होते, तीही करा. हे सगळं केलं तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बाळांना लागण होत नाही. सासर बाळंतपणाला घरीच ठेवू म्हणत असेल, तर आशाताईला मध्ये घ्या.

इथं आम्हाला भीती एका गोष्टीची वाटते. वारशाचं बोलणं निघालं की लगेच कोणीतरी म्हणतं, मग आमच्या जातीत ही पळी असेल, त्यांच्यात नसेल, आम्हाला काही होत नाही. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी आपल्या भागातल्या पावरा लोकांच्या एचएलएची नोंद खरोखरच केलेली आहे, जगभरच्या यादीत 'खानदेश पावरा' असं नाव सापडतं. माणसा-माणसांतले फरक नोंदवणं, एवढाच त्या कामाचा अर्थ. त्यावरून कुठल्या समाजाला एचआयव्ही कमी किंवा जास्त होतो, असं कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. एकाच पाड्यावर, एकाच कुळात सहा पळ्यांच्या किती जोड्या होतात ते मघाशी सांगितलंच. आणि पळी कितीही चांगली असली तरी ती लागण थांबवत नाही. लागण झाल्यावर शरीर किती झगडेल, एवढंच तिच्या हातात.

तेही पूर्ण नाही. २०१५ मध्ये ६,३०० हून जास्त रुग्णांचा हिशोब मांडला गेला. ते सगळे युरोपीय वंशाचे होते, हे लक्षात ठेवा. औषध नसताना एकाच्या रक्तात विषाणू कमी आणि दुसऱ्याच्या जास्त का, या फरकापैकी साधारण चौथा हिस्सा माणसाच्या वारशानं ठरतो, असं निघालं. बाकीचा विषाणूच्या स्वभावावर आणि इतर कितीतरी गोष्टींवर. रुपयातले चार आणे.

हे चार आणे कोणाच्या पदरात पडले आणि कोणाच्या नाही, यात त्या माणसाचं काही कर्तृत्व नाही, तसं पापही नाही. तुमच्या गावात एखादी अशी उरलेली बाई असेल आणि तिच्याकडे बोट दाखवलं जात असेल, तर दोन कायदे लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. अमकी करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असा संशय पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दुसरा, एचआयव्हीचा केंद्र सरकारचा कायदा, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नवरा गेल्यावर अशा बाईला घराबाहेर काढता येत नाही, राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क त्यात लिहिलेला आहे. तिला विचारल्याशिवाय तिच्या आजाराचा बोभाटा करता येत नाही. पोलीस पाटलालाही हे कधी कधी सांगावं लागतं.

मागच्या आठवड्यात हा विषय घेणार असं सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, 'मग या पळ्या नंदुरबारला तपासून मिळतात का?' ताई, त्याची गरज नाही. एक काळ होता, पळी चांगली की वाईट यावर आयुष्य किती ते ठरायचं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या सुरू झाल्या, तेव्हाही आधी सीडी-४ पेशी खाली घसरण्याची वाट बघावी लागायची. २०१७ पासून तसं नाही. तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी-४ किती का असेना, गोळ्या सुरू. ज्याच्या पळ्या चांगल्या त्यालाही आणि ज्याच्या वाईट त्यालाही. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला, की जोडीदाराला लागणही होत नाही. म्हणून तपासून घ्यायचंच असेल तर रक्तात विषाणू किती हे तपासून घ्या. एआरटी केंद्रात ते होतं.

या गोळीत तीन औषधं एकत्र का असतात, हेही आता तुमच्या लक्षात येईल. विषाणू पळीपासून निसटतो तसाच औषधापासूनही निसटतो. एका औषधापासून निसटणं त्याला सोपं, तिघांपासून एकाच वेळी फार अवघड. पण गोळ्या चार दिवस घेतल्या, आठ दिवस सोडल्या, की आपण त्याला निसटायची तालीमच देतो. आपल्याकडे गोळ्या सुटतात त्या दिवाळीनंतर, ऊसतोडीला गुजरातेत किंवा खाली साखर कारखान्यांवर निघताना. निघण्याच्या आधी एआरटी केंद्रात जाऊन सांगा, किती महिने जाणार, कुठं जाणार. पुरतील एवढ्या गोळ्या मागा, आणि नसतील मिळत तर तिकडच्या केंद्राचं नाव लिहून मागा. औषधाचं पुस्तक कपड्यांच्या बोचक्यात नको, जवळच्या पिशवीत ठेवा. मुकादमाला काय औषध ते सांगायची गरज नाही.

पळी तपासावी लागते अशी एक जागा मात्र आहे, ती सांगून थांबतो. अबाकॅविर नावाचं एक औषध आहे. एचआयव्ही असलेल्या लहान मुलांना आपल्याकडे ते बरेचदा देतात, किडनीचा त्रास असलेल्या मोठ्यांनाही देतात. बहुतेकांना ते चांगलं मानवतं. पण ज्यांच्याकडे बी ५७ चा एक ठरावीक प्रकार आहे, ५७:०१, त्यांच्यातल्या काहींना या औषधाची जीवघेणी ॲलर्जी होते. हो, तीच बी ५७, मघाशी जिचं एवढं कौतुक केलं ती. भारतात ही पळी असलेली माणसं कमी नाहीत. म्हणून औषध सुरू करताना डॉक्टरांना विचारा, याची तपासणी करायची का. बऱ्याच ठिकाणी ती होत नाही, मग लक्ष आपल्याला ठेवावं लागतं. पहिल्या सहा आठवड्यांत मुलाला ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, खोकला किंवा धाप, यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली आणि दर गोळीनंतर ती वाढत गेली, तर थंडीताप असेल म्हणून घरी बसू नका, भगताकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी गोळ्या आणि पुस्तक घेऊन एआरटी केंद्र गाठा, रात्र असेल तर जवळचं ग्रामीण रुग्णालय. आणि डॉक्टरांनी अबाकॅविर बंद केलं, की घरात उरलेली गोळी पुन्हा कधीही देऊ नका, मूल बरं दिसलं तरी नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळची ॲलर्जी काही तासांत जीव घेऊ शकते. मुलाच्या पुस्तकावर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, अबाकॅविर चालत नाही. काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, कुठल्याही फोनवरून लागतो, नाव सांगावं लागत नाही.